धम्मचक्र, सुदर्शन आणि ४२ चाकांची गाडी

राष्ट्रध्वजावरील २४ आऱ्यांचे निळे चक्र नेमके कोणाचे, हा वाद अधूनमधून रंगतो. कोणी ते बौद्धांचे म्हणतो, कोणी त्यात विष्णूचे सुदर्शन पाहतो. मुसलमानांचा या चर्चेशी काही संबंधच नाही, असे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेले असते. अनेकदा मुसलमानही तसेच समजतात. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

चक्राची कल्पना बुद्धांहून जुनी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील एका सूक्तात १२ आऱ्यांचे चाक येते; ते वर्षाचे, म्हणजे काळाचे रूपक आहे. ज्याच्या रथाचे चाक कुठेही अडत नाही तो चक्रवर्ती, ही कल्पना बौद्ध, जैन आणि ब्राह्मणी अशा तिन्ही परंपरांत आढळते. सारनाथच्या मृगवनात बुद्धांनी पाच जुन्या सोबत्यांना पहिला उपदेश केला. त्याला धम्मचक्रप्रवर्तन म्हटले गेले. राजाचे चाक सैन्याच्या बळावर फिरते, हे चाक उपदेशाच्या बळावर फिरणार होते. सत्तेची भाषा घेऊन बौद्धांनी तिचा अर्थच बदलला.

सुरुवातीच्या शिल्पांत बुद्ध माणसाच्या रूपात दिसत नाहीत. त्यांच्या जागी रिकामे आसन, पाऊलखुणा किंवा चक्र असते. भारहूतच्या एका शिल्पात बुद्धांच्या जागी चक्र कोरले असून त्यावर ब्राह्मी लिपीत 'भगवतो धमचकं' असा लेख आहे.

वैष्णव परंपरेत चक्र शस्त्र झाले. सुदर्शन दुष्टांचा नाश करते. कोणार्कच्या १३व्या शतकातील मंदिरात सूर्याच्या रथाला २४ चाके आहेत. तिथे अर्थ पुन्हा काळाकडे वळतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञ, पाऊस आणि अन्न यांचे फिरते चक्र येते. तिथेही शब्द 'प्रवर्तित' असाच आहे. म्हणजे परंपरा एकमेकींशी बोलत होत्या, वादही घालत होत्या.

म्हणूनच 'सगळी चक्रे एकच' हे विधान ऐकायला गोड असले तरी न्यायाचे नाही. बुद्धांना विष्णूचा अवतार ठरवून सामावून घेतले, की त्यांनी उभा केलेला विरोधच नाहीसा होतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी एक नेमकी हा अवतारवाद नाकारणारी आहे. त्या दिवसालाही धम्मचक्र प्रवर्तन दिन हेच नाव आहे.

आता मुसलमानांचा संबंध. १४व्या शतकात फिरोजशाह तुघलकाने टोपरा येथील अशोकस्तंभ दिल्लीला आणला. शम्स सिराज अफीफ लिहितो, की स्तंभ ४२ चाकांच्या गाडीवर चढवला आणि यमुनेतून नावांनी नेला. हा सुलतान उदारमतवादी नव्हता. त्याने ब्राह्मणांवर जिझिया लावल्याची नोंदही अफीफचीच. पण स्तंभ त्याने फोडला नाही, आपल्या कोटल्यात उभा केला. त्यावरील लेख वाचायला पंडित बोलावले. कोणालाही तो वाचता आला नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचे कोडे सोडवले, त्यात या स्तंभावरील लेखांचा मोठा वाटा होता. अशोकाची सातवी स्तंभाज्ञा पूर्ण स्वरूपात फक्त याच स्तंभावर आहे. आपले धम्ममहामात्र संघ, ब्राह्मण, आजीवक, निर्ग्रंथ अशा सर्वांसाठी नेमल्याचे अशोक तिच्यात सांगतो.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत पंडित नेहरूंनी ध्वजाचा ठराव मांडला. त्यात दोन गोष्टी आहेत : चक्र चरख्याचे प्रतीक असेल आणि त्याचा आकार सारनाथच्या सिंहशीर्षावरील चक्राचा असेल. चौधरी खलीकुज्जमान आणि आसामचे सय्यद मोहंमद सादुल्ला यांनीही ठरावाच्या बाजूने भाषणे केली. फाळणी तोंडावर होती. तरीही हे चिन्ह परके आहे, असे त्यांनी म्हटले नाही.

एखादे चिन्ह आपले मानायला त्याची पूजा करावी लागत नाही, आणि दुसऱ्याचा त्यावरील हक्क पुसावाही लागत नाही. धम्मचक्र बौद्धांचे आहे, सुदर्शन वैष्णवांचे आहे. ध्वजावरचे चक्र मात्र ठराव करून सर्वांसाठी घेतलेले आहे. ते कोणा एकाच्या नावावर करू पाहणाऱ्यांना, आणि त्यापासून स्वतःच दूर उभ्या राहणाऱ्या आपल्या लोकांनाही, हा ठराव पुन्हा वाचून दाखवायला हवा.