आहारद्रव्ये, आंत्रजीवाणू आणि इम्युनोथेरपी : एक कार्यकारणविचार

प्रथम संज्ञा निश्चित करू. इम्युनोथेरपी म्हणजे येथे केवळ ती चिकित्सा, जीत टी-पेशींवरील निरोधक रेणू प्रतिपिंडांनी अडवून त्या पेशींना अर्बुदाविरुद्ध मोकळे केले जाते. सीटीएलए-४ आणि पीडी-१ हे असे दोन निरोधक. त्यांवरील कार्यासाठी जेम्स ॲलिसन व तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आहारद्रव्य म्हणजे अन्नातील रासायनिक घटक, अन्न नव्हे.

जीवाणूंशी असलेल्या संबंधावरून आहारद्रव्यांचे तीन वर्ग पडतात : (१) लहान आतड्यातच शोषली जाणारी, (२) मोठ्या आतड्यात जीवाणूंकडून रूपांतरित होणारी, (३) जीवाणुसमूहाची रचनाच बदलणारी. पहिला वर्ग येथे अप्रस्तुत आहे. उरलेले दोन परस्परांना सर्वस्वी वगळत नाहीत.

दुसऱ्या वर्गात तंतू येतात. त्यांच्या किण्वनातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लघुशृंखल मेदाम्ले निर्माण होतात. डाळिंबातील एलॅजिटॅनिनेही याच वर्गातील; जीवाणू त्यांपासून युरोलिथिने बनवतात. परंतु ती बनवणारे जीवाणू प्रत्येकाच्या आतड्यात नसतात. यावरून निष्पन्न होते की समान आहारापासून समान परिणाम गृहीत धरता येत नाही.

तिसऱ्या वर्गाचे उदाहरण कॅस्टलॅजिन. ॲमेझॉन खोऱ्यातील कामू-कामू या फळातील हे द्रव्य रुमिनोकॉकस ब्रोमी या जीवाणूस चिकटते. ज्या रुग्णांवर चिकित्सा निष्फळ ठरली त्यांची विष्ठा उंदरांत रोपून नंतर कॅस्टलॅजिन दिले असता पीडी-१ रोधकाचा (पीडी-१ अडवणाऱ्या प्रतिपिंडाचा) प्रभाव वाढला, असे माँट्रियल येथील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले. हा निष्कर्ष उंदरांचा आहे. फळाच्या भुकटीच्या जाहिरातीस तो पुरत नाही.

आता प्रमाणांची प्रतवारी. जीवाणू हे कारण आहेत, केवळ सहचर नव्हेत, याला मानवी आधार २०२१ च्या दोन विष्ठारोपण-प्रयोगांचा. दोन्हींतील रुग्ण मेलॅनोमाचे (एका त्वचाकर्करोगाचे) आणि पूर्वी पीडी-१ रोधकास दाद न दिलेले. इस्रायलमध्ये १० पैकी ३, पिट्सबर्गमध्ये १५ पैकी ६ रुग्णांना लाभ झाला. तुलनागट दोहोंतही नव्हता. शिवाय जीवाणूंचे कारणत्व सिद्ध मानले तरी तेवढ्याने आहाराचे सिद्ध होत नाही. आहाराबाबतचा प्रमुख मानवी पुरावा निरीक्षणात्मक आहे : ह्यूस्टनच्या अभ्यासात (२०२१) दररोज किमान २० ग्रॅम तंतू घेणाऱ्या मेलॅनोमा-रुग्णांत रोग अधिक काळ आटोक्यात राहिला. तंतू अधिक खाणारा मनुष्य इतर बाबतींतही निराळा असू शकतो, हा आक्षेप तेथे उरतोच. मात्र त्याच अभ्यासातील उंदरांत अल्पतंतू आहाराने चिकित्सेचा परिणाम घटला. त्यामुळे अनुमानास बळ मिळते.

एक विसंगती विशेष विचारणीय आहे. पीडी-१ रोधक घेणाऱ्यांच्या विष्ठेत लघुशृंखल मेदाम्ले अधिक असता रोग दीर्घकाळ थांबलेला आढळला. सीटीएलए-४ रोधक घेणाऱ्यांच्या रक्तात ब्युटिरेट अधिक असता उलट परिणाम दिसला. येथे औषध भिन्न, मापनस्थानही भिन्न. म्हणून द्रव्य, जीवाणू, स्थान व औषध या चारही पदांचा निर्देश नसलेले ‘ब्युटिरेट हितकारक’ हे विधान अपूर्ण मानले पाहिजे.

प्रोबायोटिक (जिवंत जीवाणूंच्या) गोळ्यांनाही हेच लागू : त्या सरसकट हितकारक म्हणता येत नाहीत. ह्यूस्टनच्या रुग्णांत सर्वाधिक लाभ पुरेसे तंतू घेणाऱ्या, पण या गोळ्या न घेणाऱ्यांत दिसला. उंदरांत तर त्यांनी चिकित्सेस बाधा आणली. इम्युनोथेरपी चालू असलेल्या रुग्णाने अशा गोळ्या आपल्या कर्करोगतज्ज्ञास विचारल्याशिवाय सुरू करू नयेत.