लाकडी बैलाची चाल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकडे तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल सजवून ओढीत नेतात. त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, आणि साऱ्यांचे लक्ष तिकडेच वेधलेले असते. आम्हांला मात्र येथे त्या लाकडी बैलाविषयी बोलावयाचे आहे. आदल्या दिवशी मिरवलेला खरा बैल चालतो; हा चाकांवर नुसता घरंगळतो. खऱ्याच्या मागच्या पायाने पाऊल टाकले की त्याच बाजूचा पुढचा पाय उचलला जातो, वशिंड किंचित डोलते, मान खाली-वर होते. निर्जीव आकृतीला ही चाल देणे, हीच ॲनिमेशनची विद्या. पांढुर्णा-सौसर भागातील एखाद्या मुलाला तिच्यावर उपजीविका करावीशी वाटली, तर त्याने तयारी कशी करावी? या प्रश्नाचे उत्तर आम्ही इतिहासात शोधू पाहतो.

मराठी मुलखात या विद्येचा आरंभ एका वाटाण्यापासून झाला. १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतलेल्या दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपीत महिनाभराहून अधिक काळ त्याची वाढ चित्रित केली. पडद्यावर तो अंकुर क्षणार्धात वेल झाला. भांडवल देऊ शकणाऱ्यांना पटविण्यासाठी त्यांच्यापाशी हाच पुरावा होता. आजच्या भाषेत बोलायचे, तर नोकरीच्या अर्जासोबत जोडावयाचा हा पहिला नमुनाच होय. १९१५च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात त्यांनी काड्यापेटीतल्या काड्यांनाही हालचाल दिली. पण या धाडसामागे जे. जे. कलाशाळेतील शिक्षण, छायाचित्रण, शिळाछाप आणि मुद्रण यांतील वर्षानुवर्षांचा सराव होता, हे विसरून चालणार नाही. त्यासाठी विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या होत्या, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे. पुढे १९३४ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने 'जंबूकाका' हे व्यंगचित्रपटाचे काम करून पाहिले. परंतु नवशिक्यांना शिकविणारी व्यवस्था त्यातून उभी राहिली नाही.

ती उभी राहिली १९५६ साली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर हे जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर. ते विदर्भासह द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्ह्यासह आमचा हा भाग नव्या मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळ झाली. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, हे येथील दुहेरी जगणे तेव्हापासून अधिकच घट्ट झाले. आणि नेमक्या त्याच वर्षी मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग सुरू झाला. जी. के. गोखले हे त्यातील प्रमुख नाव. शिकवायला डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स आले. त्यांचा जन्म भारतातलाच. १९५७च्या 'द बन्यन डिअर' या जातककथेवरील लघुपटासाठी चित्रशैली शोधताना या मंडळींनी अजिंठ्याच्या भिंतींकडे पाहिले. परक्याचे तंत्र शिकताना डोळा मात्र आपल्या मुलखाचा ठेवावा, हा धडा त्यातून घेता येतो.

त्या विभागात दाखल झालेले राम मोहन हे रसायनशास्त्राचे विद्यार्थी होते. या विषयाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. चित्र काढणारा हात होता, आणि उमेदवारी करण्याची तयारी होती. पुढे याच राम मोहन यांना भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हटले जाऊ लागले. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या उमेदवारीचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. पडद्यावरील एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवले, तरी मिनिटभराच्या हालचालीला सातशे वीस चित्रे लागतात. मुख्य चित्रकार हालचालीच्या प्रमुख अवस्था काढतो. मधल्या अवस्था नवशिक्या भरतो. ते काम कंटाळवाणे खरे, पण वजन, वेग आणि विराम यांचे ज्ञान त्यातूनच हाताला होते. आज चित्रे संगणकावर काढली जातात. ज्ञान मात्र तेच लागते.

म्हणून तयारीविषयी आमचे सांगणे थोडके आहे. सॉफ्टवेअरच्या आधी वही घ्यावी. आठवडी बाजारात ओझे उचलणारा माणूस, बागेत संत्री तोडणारी बाई, जुंपलेले बैल यांची झरझर रेखाटने रोज करावीत. मुंबईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्र किंवा अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था येथे प्रवेश हवा असेल, तर त्यांच्या परीक्षेतही चित्र काढावेच लागते. स्टुडिओकडे अर्ज करताना निवडक कामच पाठवावे. प्रसिद्ध पात्रांच्या नकला वगळाव्यात. कामात इतरांचा हात असेल तर आपला भाग कोणता, ते प्रामाणिकपणे लिहावे. निरीक्षकाला दहा सेकंदांची एक खरी चाल पुरते. पाच मिनिटांची कसर तो लगेच ओळखतो.

विजया मुळे यांचा १९७४ सालचा 'एक, अनेक और एकता' दूरदर्शनवर पाहिलेली पिढी आजही चिमण्यांनी जाळे उचलल्याचे दृश्य विसरलेली नाही. एका मराठी बाईने हिंदीत केलेला तो लघुपट आमच्यासारख्या दोन भाषांमध्ये वाढणाऱ्या मुलांना विशेष आपला वाटावा. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौसर त्यात आले. सीमा अशा कागदावर बदलत राहतात. बैलाच्या चालीला मात्र भाषा नसते. ज्याने ती नीट पाहिली, त्याच्या अर्जाचा पहिला कागद तयार झाला, असे आम्ही मानतो.