समेटाच्या टेबलाची कुळकथा

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्याचं पगारवाढीचं मागणीपत्र अडून बसलं, की प्रकरण पणजीला पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात जातं. एका बाजूला व्यवस्थापन, समोर युनियन, मध्ये सरकारचा समेट अधिकारी. त्याला निकाल द्यायचा अधिकार नाही. त्याने फक्त दोघांना बोलतं करायचं.

हे टेबल गोव्यात आयतं आलं. घडलं ते गिरणगावात. 1928 साली मुंबईचे गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. दुसऱ्याच वर्षी ब्रिटिश सरकारने कायदा करून तंट्यासाठी समेट मंडळ नेमायची सोय केली. पण तंटा पेटल्यावर मंडळ नेमायचं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. म्हणून 1934 मध्ये गिरणी कामगार पुन्हा संपावर गेल्यावर मुंबई प्रांताने गिरण्यांसाठी कायमची समेट यंत्रणा आणि सरकारी लेबर ऑफिसर आणला. यात निव्वळ कळवळा नव्हता. कामगाराने लाल बावट्याकडे, म्हणजे कम्युनिस्टांच्या युनियनकडे जाण्याऐवजी सरकारी माणसाकडे गाऱ्हाणं न्यावं, हाही डाव होता. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने ही सोय देशभर नेली.

पेडणे आणि डिचोली तेव्हा पोर्तुगिजांकडे. अठराव्या शतकाच्या शेवटी सावंतवाडीकर भोसल्यांकडून गेलेल्या या नव्या काबिजादी. इथे धनी म्हणजे भाटकार, जमीनदार. मुंडकाराचं, म्हणजे त्याच्या आश्रिताचं, घर त्याच्या जमिनीवर, त्यामुळे भाटातलं, म्हणजे बागायतीतलं, काम मुकाट्याने करायचं. वर पोर्तुगालच्या सालाझारची राजवट, जिच्या लेखी संपच बेकायदा! मुक्तीनंतर 1962 च्या विनियमाने भारतातले अनेक कायदे गोव्याला लागू झाले, त्यांत हा औद्योगिक विवाद कायदाही होता. मुंडकाराला आपल्या घराची जागा विकत घ्यायचा हक्क मात्र 1975 च्या कायद्याने मिळाला. म्हणजे कारखान्यातल्या कामगाराला टेबल आधी मिळालं, भाटातल्याला घर नंतर.

निकाल देता येत नाही, मग युनियन या टेबलाला एवढी का चिकटून राहिली? खरी गोम 1947 च्या कायद्याच्या कलम 18 मध्ये होती. मालकाशी परस्पर केलेला करार सही करणाऱ्यांपुरता. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार सगळ्या कामगारांना लागू, युनियनबाहेरच्यांना आणि उद्या कामावर येणाऱ्यालाही. शिवाय बोलणी चालू असताना वादातल्या सेवाशर्ती मालकाला कामगारांचं नुकसान होईल अशा बदलता येत नसत. अधिकाऱ्याच्या गोड बोलण्यापेक्षा या दोन गोष्टींनी जास्त समेट घडवले असं माझं मत आहे.

डिचोलीत मात्र वाट दुभंगते. वसाहतीतल्या कारखान्याचा तंटा पणजीला, राज्याच्या कामगार आयुक्तांकडे. जवळच्याच खाणीतला तंटा केंद्राच्या अधिकाऱ्याकडे, वास्कोला. कारण खाणींसाठी या कायद्यात ‘सरकार’ म्हणजे केंद्र सरकार. शेजारी राहणाऱ्या दोघा भावांना दोन सरकारांची दारं. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणी थांबल्या, तेव्हा तर मालकाच्याच हातात काही उरलं नाही. दोघांपैकी कुठलंही दार ठोठावून खाण सुरू होणार नव्हती.

नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. पूर्वी संपाआधी नोटीस देण्याची कायद्याची सक्ती सार्वजनिक उपयोगाच्या सेवांपुरती होती. आता तुयेच्या साध्या कारखान्यातही 14 दिवस आधी नोटीस हवी, आणि समेटाची बोलणी सुरू झाली की ती संपून सात दिवस उलटेपर्यंत संप करता येत नाही. टाळेबंदीलाही हेच बंधन आहे. पण संप हे कामगाराचं एकमेव हत्यार. मालकाकडे टाळ्याखेरीज इतर पुष्कळ आहेत.