टिळकांचा राजीनामा आणि शिक्षकांचें राज्य

वसईच्या होळीवर राहणाऱ्या आम्हां लोकांस किल्ला कांहीं लांब नाहीं. सायंकाळीं तिकडे पाय वळले म्हणजे पोर्तुगीज अमदानींतील पडक्या इमारतींत जेझुइट पाद्र्यांच्या चर्चचा दर्शनी भाग अजून उभा दिसतो. त्यांची पाठशाळाही तेथेंच होती. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं किल्ला घेतला आणि तें पर्व संपलें. परंतु स्वतःपाशीं द्रव्य ठेवावयाचें नाहीं, मिळेल तें संघाचें मानावयाचें आणि सारें आयुष्य संघानें नेमून दिलेल्या कामांत घालवावयाचें, ही जी त्या पंथाची शिस्त, तिचें आकर्षण पुढें सुमारें दीडशें वर्षांनीं पुण्यांतील कांहीं तरुण पदवीधरांस वाटलें. आणि त्या शिस्तीचा अर्थ काय, यावरूनच त्यांच्यांत फूट पडली. विद्यालयाच्या चालकांत कलह माजला असतां शिक्षकानें कसें वागावें, हा प्रश्न आजही जुना झालेला नाहीं. म्हणून १८९० सालची ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक व माधवराव नामजोशी यांनीं जानेवारी १८८० मध्यें न्यू इंग्लिश स्कूल काढलें. वामन शिवराम आपटे लवकरच येऊन मिळाले. गोपाळ गणेश आगरकर एम्. ए. ची परीक्षा देऊन पुढील वर्षीं आले. १८८२ मध्यें विष्णुशास्त्री वारले आणि त्याच वर्षीं कोल्हापूर प्रकरणांत टिळक व आगरकर यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस एकत्र काढले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली व २ जानेवारी १८८५ रोजीं फर्ग्युसन कॉलेज उघडलें. आपटे पहिले प्राचार्य झाले.

या संस्थेची घटना त्या काळीं अपूर्वच म्हटली पाहिजे. सरकारी कॉलेजांत अध्यापक हा नोकर. मिशनच्या कॉलेजांत तो मिशनचा माणूस. येथें मात्र शिकविणारेच चालक होते. ज्यानें वीस वर्षें सेवा करण्याचें वचन दिलें तो आजीव सभासद. वेतन मासिक ७५ रुपयांच्या आसपास, आणि मागें राहणाऱ्या कुटुंबासाठीं तीन हजारांचा विमा. वर नियामक मंडळ होतें खरें. परंतु दैनंदिन कारभार आजीव सभासदांच्या हातीं. शिक्षकांचें राज्य असें याचें वर्णन केल्यास चूक होणार नाहीं. मात्र अशा राज्यांत एक अडचण असते. मालक दुसरा असला तर गाऱ्हाणें त्याच्याकडे नेतां येतें. आपणच मालक असलों म्हणजे प्रत्येक गाऱ्हाणें शेजारच्या खुर्चीवरील मित्राविरुद्धच असतें.

कलहाचें कारण सामाजिक सुधारणेचा वाद, असें सामान्यतः समजलें जातें. तो वाद होताच. १८८७ मध्यें आगरकरांनीं 'केसरी' सोडला व पुढील वर्षीं 'सुधारक' काढला. परंतु आजीव सभासदांच्या बैठकींत भांडण होई तें विधवाविवाहावरून नव्हे, पैशावरून व वेळावरून. वेतन वाढवावें कीं नाहीं? देणगी आली तर ती व्यक्तीची कीं संस्थेची? १८८८ मध्यें होळकर महाराजांकडून मिळालेल्या रकमेवरूनही असाच वाद झाला. शिकवून उरलेला वेळ कोणाचा, हा त्याहून अवघड प्रश्न.

टिळकांचा पक्ष सरळ होता. ज्यानें आयुष्य दिलें त्यानें सर्व दिलें. बाहेर मिळविलेली कमाई संस्थेची, आणि बाहेरचें काम संस्थेच्या कामास बाधक. हें तत्त्व एकदां सैल झालें कीं संस्थेंत व सामान्य शाळेंत फरक तो काय राहिला? दुसऱ्या बाजूचें म्हणणेंही टाकाऊ नव्हतें. दम्यानें जर्जर झालेल्या आगरकरांसारख्या संसारी माणसास तत्त्व आणि घरखर्च यांची सांगड रोज घालावी लागे. ठराविक काम चोख केल्यावर उरलेल्या वेळीं मनुष्यानें लिहावें, लोकसेवा करावी, यांत संस्थेचें काय जातें? आणि टिळक स्वतः वर्तमानपत्र चालवीत होतेच, तेव्हां मर्यादेची रेघ नेमकी कोठें ओढावयाची, असें विचारण्यास जागा होती.

१८९० मध्यें प्रसंग आला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या निमित्तानें. चोविसाव्या वर्षीं त्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद पत्करलें. टिळकांस हें मान्य झालें नाहीं. बहुमत आपल्या बाजूस नाहीं हें पाहून त्यांनीं ऑक्टोबरांत राजीनामा दिला आणि डिसेंबरांत त्याची कारणें सांगणारें सविस्तर पत्र संस्थेस सादर केलें. दहा वर्षांचा हिशेब त्यांत आहे. राजीनाम्यास एवढा मजकूर कशाला, असें कोणी म्हणेल. आम्हांस मात्र त्या लांबीतच त्याचें मोल दिसतें. जो मनुष्य नुसता रागावून जातो तो चार ओळी लिहितो. ज्यास संस्थेची काळजी असते तो जातांना मागच्यांसाठीं दुखणें लिहून ठेवतो.

राहिलेल्यांनीं काय केलें? त्यांनीं वर्ग बंद पडूं दिले नाहींत. १८९२ मध्यें आपटे वारले. आगरकर प्राचार्य झाले आणि १८९५ मध्यें मरेपर्यंत त्यांनीं ती धुरा वाहिली. त्यांच्यामागून महादेव शिवराम गोळे आले. ज्यांच्यावरून वाद पेटला त्या गोखल्यांनीं आपलें वीस वर्षांचें वचन निष्ठेनें निभावलें व संस्थेसाठीं दारोदार वर्गणी गोळा केली. १९०५ मध्यें त्यांनीं भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हां सभासदांस अल्प वेतनावर देशसेवेची व स्वतःसाठीं द्रव्यार्जन न करण्याची शपथ घातली. टिळक ज्या तत्त्वासाठीं बाहेर पडले तेंच, निराळ्या वेषांत, गोखल्यांच्या घरीं आलें, असें म्हटल्यास फारसें वावगें होणार नाहीं.

टिळकांनीं सोडलेल्या गणिताच्या खुर्चीचें काय झालें, हीही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १८९१ मध्यें गोखल्यांच्या बोलावण्यावरून मुंबईहून धोंडो केशव कर्वे त्या जागीं आले. दोनच वर्षांनीं त्यांनीं विधवेशीं विवाह केला आणि पुढें १९१६ मध्यें महिला विद्यापीठाची स्थापना केली. राजीनामा देणाऱ्याच्या स्वप्नांतही नसलेलें फळ त्या मोकळ्या जागेस आलें. आणि खुद्द टिळक? कॉलेजाच्या भिंतींतून सुटल्यावर सारा देशच त्यांचा वर्ग झाला.

परदेशांतही अशी उदाहरणें आहेत. १९१७ मध्यें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या विश्वस्तांनीं युद्धविरोधी मतांसाठीं दोघां अध्यापकांस काढलें, तेव्हां स्वतः युद्धाचा पुरस्कर्ता असलेला इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यानें निषेध म्हणून राजीनामा दिला. तेथें जुलूम वरून आला होता, म्हणून शत्रु ओळखणें सोपें होतें. पुण्यांत वरून कोणी नव्हतें. जे भांडले ते सारेच त्यागी होते. त्यामुळें तेथील निवाडा अधिक कठीण आहे.

आज आमच्या वसईंतील महाविद्यालयें मुंबई विद्यापीठाशीं संलग्न आहेत. २०१६ च्या कायद्यान्वयें अधिसभा आहे, व्यवस्थापन परिषद आहे, अध्यापकांचे प्रतिनिधीही आहेत. नियमांची वाण नाहीं. परंतु नियम हे सभेची वेळ ठरवितात, सभासदाचें मन ठरवीत नाहींत. टिळक गेले हें बरोबर कीं आगरकर-गोखले राहिले हें बरोबर, असें आम्हांस कोणी विचारलें तर आम्ही दोहोंपैकीं एकाचें नांव घेणार नाहीं. जाणाऱ्यानें कारण लिहून दिलें आणि राहणाऱ्यानें वचन पुरें केलें, म्हणून संस्था वांचली. ज्या विद्यालयांतून लोक कारण न सांगतां जातात आणि वचन न पाळतां राहतात, त्याच्या दर्शनी भिंती कितीही उंच असल्या तरी आंत किल्ल्यांतल्याप्रमाणें गवतच उगवावयाचें.