वॉशिंग्टनचा बंद गट

25 जून 2010 या दिवशी डेव्हिड वायगल यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’चा राजीनामा दिला. पुराणमतवादी चळवळीचे वार्तांकन हे त्यांचे तिथले काम होते, आणि मॅट ड्रज, रश लिम्बॉ अशा उजव्या मंडळींबद्दल त्यांनी एका खासगी ई-मेल गटात लिहिलेला जहरी मजकूर बाहेर फुटला होता. त्याच दिवशी ‘पोस्ट’मधलेच एझ्रा क्लाइन यांनी आपण तीन वर्षांहून अधिक काळ चालवलेला तो गट, ‘जर्नोलिस्ट’, बंद केला. प्रकरण तिथे थांबले नाही. पुराणमतवादी प्रकाशक अँड्र्यू ब्राइटबार्ट यांनी गटाचा सगळा संग्रह आणून देणाऱ्याला एक लाख डॉलर देऊ केले, आणि जुलैत टकर कार्लसन यांच्या ‘डेली कॉलर’ या उजव्या संकेतस्थळाने जुने संदेश एकामागून एक छापले. तेव्हापासून वाद एकाच प्रश्नाभोवती फिरतो आहे: हा डाव्या पत्रकारांचा कट होता की नव्हता? कट सिद्ध झाला नाही की सगळे आलबेल होते, असे त्यात गृहीत धरलेले असते, म्हणून हा प्रश्न मला अपुरा वाटतो. पत्रकारांनी दार लावून आपापसात बोलणे हा या धंद्याचा जुना रिवाज आहे. त्याचा इतिहास पाहिला तर असे दिसते की दार लावल्याने होणारे नुकसान मर्यादित असते. आत कोणाला घ्यायचे या अटीने होणारे नुकसान खोलवर जाते.

क्लाइन यांनी फेब्रुवारी 2007 मध्ये गूगल ग्रुपवर हा गट उघडला तेव्हा ते ‘अमेरिकन प्रॉस्पेक्ट’ या उदारमतवादी मासिकात होते; ‘पोस्ट’मध्ये ते दोन वर्षांनी आले. सदस्य वाढत वाढत चारशेच्या घरात गेले. त्यांत मासिकांचे लेखक होते, दैनिकांचे बातमीदार होते, विद्यापीठांतले अर्थशास्त्रज्ञ आणि धोरणसंस्थांतले अभ्यासक होते. सरकारी नोकरीत असलेल्याला प्रवेश नव्हता, आणि तो नियम चांगलाच होता. आरोग्यविम्याची एखादी किचकट तरतूद अडली तर त्या विषयात हयात घालवलेला माणूस तिथेच भेटे. बातमीदाराला याहून मोलाची मदत क्वचितच मिळते. पण गटाचे दुसरे रूप एप्रिल 2008 मध्ये दिसले. 16 तारखेला फिलाडेल्फियात ‘एबीसी’ वाहिनीने बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांचा वादसंवाद घेतला. त्यात ओबामांना त्यांचे धर्मगुरू जेरेमाया राइट यांच्या प्रक्षोभक प्रवचनांवरून आणि कोटावर राष्ट्रध्वजाची पिन न लावण्यावरून प्रश्न आले. गटातले अनेक जण संतापले. वाहिनीचा निषेध करणाऱ्या अनावृत पत्राचा मजकूर गटात घडला आणि पत्रकार-प्राध्यापकांच्या सह्यांनिशी प्रसिद्ध झाला. राइट प्रकरण चालू असतानाच स्पेन्सर ॲकरमन या पत्रकाराने सुचवले की फ्रेड बार्न्स किंवा कार्ल रोव्ह असा कोणीही एक उजवा निवडावा आणि त्याला वंशवादी म्हणावे. माणूस आधी ठरवायचा आणि आरोप मागाहून चिकटवायचा, अशी ही सूचना होती. काही सदस्यांनी हरकत घेतली. पण छापून आलेल्या हरकतींत जोर होता तो अशा चिखलफेकीने ओबामांच्याच प्रतिमेला धक्का बसेल यावर. अशी मोहीम पुढे कोणी चालवल्याचे दिसून आले नाही, आणि छापलेले संदेश विरोधकांनी निवडलेले होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. तरीसुद्धा पत्रकाराने पत्रकाराला रोखताना ‘हे खरे आहे का’ याऐवजी ‘हे आपल्या उमेदवाराला परवडेल का’ हे विचारावे, ही गोष्ट नजरेआड करण्यासारखी नाही.

अमेरिकेच्या राजकारणात पत्रकार आणि पुढारी यांचे छुपे धागे जवळपास प्रजासत्ताकाइतकेच जुने आहेत. 1791 मध्ये परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांनी कवी फिलिप फ्रेनो यांना आपल्या खात्यात वर्षाला 250 डॉलरवर अनुवादक म्हणून नेमले. त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस फ्रेनो यांनी ‘नॅशनल गॅझेट’ काढले, आणि लवकरच जेफरसन यांचे प्रतिस्पर्धी असलेले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्यावर त्यातून तोफा धडाडू लागल्या. पुढच्या वर्षी हॅमिल्टन यांनी नाव न देता पत्र लिहून हा पगार चव्हाट्यावर आणला. त्यांचेही हात स्वच्छ नव्हते, कारण ते पत्र ज्या ‘गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स’मध्ये छापले गेले, त्याला हॅमिल्टन यांच्याच खात्याच्या छपाईची कामे मिळत होती. दोन्ही पत्रांची मते वाचकाला दिसत होती. त्याला दिसत नव्हते ते पैशाचे नाते. पत्रकाराला मत असण्यात गैर काही नाही, पण ते मत कोणाच्या सोबतीने घडते आहे हे झाकले गेले की वाचकाचा हिशेब चुकतो.

पुढे दैनिके निःपक्षपातीपणाचा दावा करू लागली आणि जवळीक क्लबांमध्ये शिरली. वॉशिंग्टनचा ग्रिडायर्न क्लब 1885 चा. त्याच्या मेजवानीला राष्ट्राध्यक्ष येत आणि निवडक बातमीदार यजमान म्हणून त्यांच्यासोबत बसत. नॅशनल प्रेस क्लब 1908 चा. तिथे जगभरचे पुढारी दुपारच्या जेवणाला येऊन भाषण करत, आणि त्या भाषणातून बातम्या निघत. 1955 पर्यंत स्त्री-पत्रकारांना या भाषणांना येताच येत नव्हते. त्यानंतर क्लबाने त्यांच्यासाठी दालनावरचा सज्जा उघडला. खाली पुरुष पत्रकार टेबलांशी बसून जेवत आणि पाहुण्याला प्रश्न विचारत. वर अरुंद सज्जात स्त्रिया दाटीवाटीने उभ्या राहून वहीत टिपणे घेत. त्यांना जेवण नव्हते आणि प्रश्न विचारायची मुभाही नव्हती. परराष्ट्र धोरण वर्षानुवर्षे हाताळणारी बातमीदारही त्या सज्जातून खाली बघत आपली बातमी लिही. सदस्यत्व स्त्रियांना 1971 मध्ये खुले झाले. ग्रिडायर्नने हेलन थॉमस यांना पहिली स्त्री-सदस्य म्हणून घेतले ते 1975 मध्ये. या क्लबांत दोन्ही पक्षांचे लोक होते, त्यामुळे त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप सहसा झाला नाही. पण कोणता प्रश्न विचारण्याजोगा आहे हे खाली बसलेलेच ठरवत होते. प्रवेशाची अट बातमीला कसे वळण देते याचे इतके उघड उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

लंडनची लॉबी याच काळातली. 1884 पासून संसदेच्या आवारात ठराविक बातमीदारांना मोकळीक मिळाली, आणि हळूहळू सरकारी प्रवक्त्याने सांगायचे, यांनी नाव न देता छापायचे, अशी पद्धत मुरली. ती इतकी मुरली की 1986 मध्ये नव्याने निघालेल्या ‘इंडिपेंडंट’ने अशा निनावी बैठकांना जाणार नाही असे जाहीर केले, तेव्हा तीच मोठी बातमी झाली. तिथे कल डावा-उजवा नव्हता. जो माहिती देतो त्याच्याकडे तो होता. अमेरिकी निवडणूक-प्रचारात बातमीदारांना नेणाऱ्या बसमध्ये तिसरा प्रकार दिसे. 1972 च्या प्रचारावर टिमथी क्राउझ यांनी लिहिलेल्या पुस्तकात तो फार बारकाईने टिपला आहे. सभा किंवा चर्चा संपली की दैनिकांचे बातमीदार असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या वॉल्टर मियर्स यांच्या टाइपरायटरभोवती जमत आणि आज लीड (बातमीची सुरुवात) काय घेतोस असे विचारत. यामागे आळस नव्हता. बातमीदाराची कॉपी गावी पोचण्याआधी मियर्स यांची तार संपादकाच्या टेबलावर पडलेली असे, आणि लीड वेगळे दिसले की संपादक फोन करून कारण विचारे. वेगळे लिहिण्याची किंमत बातमीदाराला मोजावी लागे, सारखे लिहिण्याची कधीच नाही. कोणी कोणाला हुकूम दिला नव्हता, तरी दहा दैनिकांचा वाचक अखेर एकाच माणसाचा निर्णय वाचत होता.

‘जर्नोलिस्ट’ची मुळे या बसमध्ये आहेत, पण त्याने एक गोष्ट नवी केली. क्लब, लॉबी आणि बस यांत माणूस कामामुळे शिरत असे: राजधानीचा बातमीदार, संसदेचा बातमीदार, प्रचाराचा बातमीदार. क्लाइन यांच्या गटाची अट मताची होती: मध्यापासून डावीकडे. त्यांनी दिलेले कारण प्रामाणिक होते. दोन्ही बाजू आल्या तर मुद्द्यावर चर्चा होण्याऐवजी रोज तीच भांडणे होतील, अशी त्यांना भीती वाटत होती. ही भीती खोटी नाही. पण बसमधल्या सारखेपणाला निदान एक वचक होता, शेजारच्या सीटवर विरुद्ध मताचा बातमीदार बसलेला असे. मताच्या अटीने नेमका तोच वचक काढून टाकला. वायगल यांचेच पाहा. पुराणमतवाद्यांवर बारकाईने आणि बरेचदा न्यायाने लिहिणारा हा बातमीदार ज्या ठिकाणी मोकळा होई, तिथे त्याच्या विषयातला एकही माणूस असू शकत नव्हता. वॉशिंग्टनमध्ये कडवट बोलणारे बातमीदार त्याआधीही होते, पण त्यांचे बोलणे हवेत विरून जाई. इथे ते लेखी साठत गेले, आणि समोर रोज संमती देणारे श्रोते असल्याने त्याची धारही वाढत गेली.

यावर पहिला आक्षेप असा येतो की गटात एकमत नव्हतेच, सदस्य एकमेकांशी कडाडून भांडत. हे खरे मानले तर मला ते बचावापेक्षा आरोपाच्या बाजूचे वाटते. समविचारी माणसांतला वाद हा वाचकाच्या हक्काचा माल आहे. मराठी वाचकाला याचा पडताळा जवळच सापडेल. टिळक आणि आगरकर एकाच शाळेत शिकवत, एकत्र तुरुंगात गेलेले, ‘केसरी’ 1881 मध्ये निघाला तेव्हा आगरकर त्याचे संपादक. समाजसुधारणेवरून दोघांचे बिनसले तेव्हा ते भांडण मित्रमंडळींत मिटवून वाचकाला एकसुरी ‘केसरी’ देता आला असता. तसे झाले नाही. आगरकर 1887 मध्ये बाहेर पडले, 1888 मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढले, आणि 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावर पुण्याच्या वाचकाने दोन्ही बाजू छापील वाचल्या. या वादाने दोघांचीही मने दुखावली, मैत्री तुटली, पण महाराष्ट्राला सामाजिक विचाराची भाषा त्यातून मिळाली. वॉशिंग्टनमध्ये असे वाद चारशे जणांपुरते झाले आणि वाचकापर्यंत बहुधा आला तो त्यांचा निकाल.

दुसरा आक्षेप आहे की उजवेही हेच करतात. करतातच. करविरोधी चळवळीचे ग्रोव्हर नॉर्क्विस्ट 1993 पासून दर बुधवारी वॉशिंग्टनमध्ये पुराणमतवाद्यांची बंद बैठक घेत आले आहेत. आणि खासगी संदेशांतून उघड झालेले सर्वांत गंभीर प्रकरण उजवीकडचेच आहे. 2020 च्या निवडणुकीनंतर मतदानयंत्रे बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीने फॉक्स न्यूजवर दावा लावला. 2023 मध्ये न्यायालयात दाखल झालेल्या संदेशांत दिसले की वाहिनीचे निवेदक आणि अधिकारी मतचोरीच्या दाव्यांना आपापसात खोटे, वेडगळ म्हणत होते, आणि पडद्यावर तेच दावे करणाऱ्यांना जागा मिळत होती. ज्यांनी ‘जर्नोलिस्ट’ उघडे पाडले ते कार्लसनही या संदेश लिहिणाऱ्यांत होते. एकदा त्यांनी पडद्यावर पुरावा नसल्याचे सांगितलेही, पण प्रेक्षक चिडला. फॉक्सने 78 कोटी 75 लाख डॉलर देऊन दावा मिटवला. दोन्ही प्रकरणे एका पातळीवर ठेवणे अन्याय ठरेल. ‘जर्नोलिस्ट’चे लेखक खासगीत जे मानत तेच बहुधा छापत होते, फॉक्समध्ये मानणे एक आणि दाखवणे दुसरे होते, आणि वाचक-प्रेक्षकाची फसवणूक यालाच म्हणतात. पण फॉक्सच्या अपराधाने क्लाइन यांच्या गटाची अट योग्य ठरत नाही. उलट दोन्हीकडे रोग एकच दिसतो: आपला माणूस दुखावेल या भीतीने ओठावर आलेली गोष्ट गिळणे.

राहिला खासगीपणाचा आक्षेप, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. कच्चे विचार बोलून दाखवायला पत्रकारालाही आडोसा हवा. वायगल यांचे संदेश फोडणाऱ्याने विश्वासघातच केला. म्हणूनच उपाय गट बंद करण्यात नव्हता, दार रुंद करण्यात होता, आणि तशी संधी एकदा आली होती. गट बंद होण्याच्या महिनाभर आधी, मे 2010 मध्ये, कार्लसन यांनी स्वतः सदस्यत्व मागितले. क्लाइन यांचा कल त्यांना घेण्याकडे होता; त्यांनी गटाला विचारले. सदस्यांनी नकार दिला. त्यांची अडचण अशी की नव्या सदस्याला जुना संग्रहही वाचता येणार होता, आणि तीन वर्षांत तिथे जे लिहिले गेले होते ते परक्या नजरेने वाचले जाणे अनेकांच्या नोकरीला धोक्याचे होते. क्लाइन यांनी कार्लसन यांना दोन्ही बाजूंचा एक वेगळा गट मिळून काढू असे कळवले. तो निघाला नाही. जुलैत संदेश छापून आले, आणि त्याच महिन्यात ‘अटलांटिक’च्या जेफ्री गोल्डबर्ग यांनी बातमी दिली की जुन्या सदस्यांतल्या काहींनी आधीपेक्षा लहान असा नवा बंद गट सुरूही केला आहे.