अन्न-ॲलर्जी आणि आहारतज्ज्ञ

अन्नातील एखाद्या, एरवी निरुपद्रवी प्रथिनाविरुद्ध शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने दिलेली प्रतिक्रिया म्हणजे अन्न-ॲलर्जी. तिचे निदान व औषधोपचार डॉक्टर करतात. रुग्णाच्या ताटातून नेमके काय काढायचे, त्याऐवजी काय वाढायचे आणि काढलेला पदार्थ पुन्हा केव्हा व कसा आणायचा, हा तपशील आहारतज्ज्ञ ठरवतो. पदार्थ बंद करायला सांगणे सोपे असते. गरजेपेक्षा एकही पदार्थ जास्त बंद होऊ न देणे हे या कामातले खरे कसब असून, त्याची तयारी सर्वसाधारण आहारशास्त्राच्या अभ्यासक्रमात थोडीच होते.

ज्ञानाचा विकास : ‘ॲलर्जी’ ही संज्ञा ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये योजली. १९२१ मध्ये कार्ल प्राउस्निट्झ यांनी मासे न सोसणारे आपले सहकारी हाइन्झ क्यूस्टनर यांचा रक्तद्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि त्याच जागी माशाचा अर्क टोचल्यावर तेथे गांधी उठली. रक्तातील कोणता घटक याला कारण होतो, हे १९६०च्या दशकात आयजीई या प्रतिपिंडाच्या शोधाने स्पष्ट झाले.

प्रतिबंधाबाबतचा सल्ला तर आहारतज्ज्ञांच्या एकाच पिढीत उलटला. ॲलर्जीचा धोका असलेल्या बालकांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये, असे अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० मध्ये सांगितले आणि २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला. २०१५ मध्ये लंडनमधील गिडिअन लॅक व सहकाऱ्यांचा, अधिक धोका असलेल्या ६४० बालकांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून शेंगदाणा नियमित खाणाऱ्या मुलांत पाचव्या वर्षी ॲलर्जीचे प्रमाण सुमारे ३ टक्के, तर टाळणाऱ्यांत सुमारे १७ टक्के आढळले. (अर्थात लहान बाळाला तो अख्खा न देता मऊ पेस्टच्या रूपात द्यावा लागतो; अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो.) जुन्या टिपणांवर विसंबणारा आहारतज्ज्ञ यामुळे नकळत अपाय करू शकतो.

आहारेतिहास : काय खाल्ले, किती, कच्चे की शिजवलेले, लक्षणे किती वेळाने दिसली, तोच पदार्थ इतर वेळी सोसला का, या प्रश्नांतून निदानाची दिशा मिळते. आयजीईमुळे होणारा त्रास बहुधा काही मिनिटांत, उशिरात उशिरा सुमारे दोन तासांत दिसतो. बाळाला तांदळाची पेज दिल्यावर एक ते चार तासांनी वारंवार उलट्या होऊन ते मलूल पडले, तर मात्र आयजीईशी संबंध नसलेल्या आतड्याच्या ॲलर्जीचा विचार करावा लागतो. तीत त्वचाचाचणी बहुधा निर्दोष येते.

प्रश्न विचारताना बोलीभाषेचे भान लागते. मराठी रुग्ण ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणतो तेव्हा त्याला आमसुलाचे पाणी लावून शमवलेल्या गांधी अभिप्रेत असतात. ‘पित्त झालं’ म्हणतो तेव्हा आंबट ढेकर आणि मळमळ. ‘वावडं’ हा शब्द तर नावड, अपचन आणि ॲलर्जी या तिन्हींसाठी वापरला जातो. दूध पिऊन पोट फुगणे हे बहुधा दुग्धशर्करा न पचल्याचे लक्षण असते, तर सिलिॲक रोग हा गव्हातील ग्लुटेनमुळे भडकणारा स्वयंप्रतिकार विकार आहे. नीट बर्फात न ठेवलेला बांगडा खाऊन चेहरा लाल होणे, अंगाला खाज सुटणे हीही ॲलर्जी नसू शकते : अशा माशात हिस्टामीन साचते आणि ते शिजवूनही नष्ट होत नाही. पंगतीतल्या अनेकांना एकाच वेळी त्रास झाला असेल, तर संशय माशाच्या साठवणीवर घ्यावा.

चाचण्यांचा अर्थ : त्वचाचाचणी किंवा रक्तातील आयजीईची चाचणी शरीर संवेदनशील झाल्याचे दाखवते, प्रत्यक्ष त्रास होतोच असे नाही. कर्नाटकातील प्रौढांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २६.५ टक्के लोक एखाद्या तरी अन्नपदार्थास संवेदनशील आढळले. संभाव्य अन्न-ॲलर्जी १.२ टक्क्यांतच होती. अहवालावर खूण असलेला प्रत्येक पदार्थ बंद केला, तर उरलेल्यांची उपासमार विनाकारण होते. बाजारात विकल्या जाणाऱ्या आयजीजी चाचण्यांची लांबलचक यादी तर निदानासाठी ग्राह्य धरली जात नाही. ती हातात घेऊन आलेल्या रुग्णाला न दुखावता हे पटवून देणे हेही शिकावे लागणारे कौशल्य आहे.

वर्जन व पोषण : नेमकी यादी करण्यासाठी स्वयंपाकघर माहीत असावे लागते. महाराष्ट्रात शेंगदाण्याचे कूट कोशिंबिरीत, भरल्या वांग्यांत, साबुदाण्याच्या खिचडीत आणि उपवासाच्या आमटीत असते. पूर्णतः शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण घाणीच्या तेलात त्याचे अंश राहतात. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, म्हणून गहू वर्ज्य असलेल्याच्या घरी फोडणीपासून चौकशी करावी लागते.

गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळाला शेळीचे दूध द्यावे, हा घरगुती सल्ला धोक्याचा आहे. शेळी व म्हैस यांच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक बाळांना त्यांचाही त्रास होतो. तान्ह्या बाळाला आईचे दूध किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रथिनांचे विघटन केलेले विशेष दूध लागते. मोठ्या मुलाचे दूध बंद झाले की कॅल्शियम, प्रथिन, आयोडीन व ब-१२ जीवनसत्त्व यांची तूट कशी भरायची याचा हिशेब मांडावा लागतो. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पण तिच्यातील फायटेटमुळे ते पुरते शोषले जात नाही; मोड आणल्याने ही अडचण कमी होते. तांदळाच्या किंवा बदामाच्या पेयात प्रथिन फारच थोडे असल्याने ते दुधाची जागा घेऊ शकत नाही. हिशेब जमला की नाही, हे मुलाच्या वजन-उंचीच्या आलेखावरून कळते.

लेबलवाचन : भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणातील सल्फाइट यांची नोंद वेष्टनावर करावी लागते. युरोपीय संघाच्या चौदा घटकांच्या यादीत मोहरी व तीळही आहेत. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तिळाची नोंद सक्तीची केली. भारतीय यादीत हे दोन्ही नसल्याने तिळाची किंवा मोहरीची ॲलर्जी असलेल्याला घटकांची पूर्ण यादी वाचायला शिकवावे लागते. मिठाईवाल्याकडच्या सुट्या लाडवाला तर लेबलच नसते. तेथे काय व कसे विचारायचे, याचा सराव करून घ्यावा लागतो.

पदार्थ पुन्हा सुरू करणे : दूध व अंडे यांची ॲलर्जी अनेक मुलांत वयानुसार ओसरते, म्हणून वर्जन हे कायमचे समजू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढत्या मात्रेत पदार्थ खायला देऊन केलेली आहार-आव्हान चाचणी निर्णायक मानतात. तिच्यासाठी मात्रा मोजणे आणि चव-रंग ओळखू न येईल अशा रीतीने पदार्थ दुसऱ्या अन्नात लपवणे हे आहारतज्ज्ञाचे काम. दुधाची ॲलर्जी असलेली बरीच मुले केकसारख्या भाजलेल्या पदार्थातील दूध आधी सोसू लागतात. बिस्किटापासून साध्या दुधापर्यंतची ‘दुधाची शिडी’ याच निरीक्षणावर आधारली आहे. पूर्वी तीव्र प्रतिक्रिया आलेल्या मुलाला ही शिडी घरच्या घरी चढवू नये. श्वास लागणे, घसा आवळणे, शुद्ध हरपणे ही लक्षणे ओळखणे आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत ॲड्रेनालिन तातडीने देण्याचे महत्त्व पालकांना समजावणे, हे आहारतज्ज्ञालाही आलेच पाहिजे.

प्रशिक्षण : ॲलर्जीच्या क्षेत्रातील आहारतज्ज्ञांचे ‘इंडाना’ हे आंतरराष्ट्रीय जाळे २००९ मध्ये सुरू झाले. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील आहारतज्ज्ञांच्या अन्न-ॲलर्जीविषयक क्षमतांची तुलना करणारी पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा पाहण्यांत आहारतज्ज्ञ स्वतःलाच गुण देतात, ही त्यांची मर्यादा. वर्जनाहाराचे तक्ते व्याख्यानातून शिकता येतात. आहारेतिहास घेणे, आव्हान चाचणी आखणे आणि खाण्याची भीती बसलेल्या मुलाला पुन्हा घास घ्यायला लावणे यांसाठी मात्र ॲलर्जी चिकित्सालयात अनुभवी तज्ज्ञाजवळ बसावे लागते.

भारतात ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ ही मान्यता भारतीय आहारशास्त्र संघटनेच्या परीक्षेतून मिळते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली असून त्या व्यवसायांत आहारतज्ज्ञांचा समावेश आहे. अभ्यासक्रम नव्याने आखताना परदेशी तक्ते जसेच्या तसे उचलून भागणार नाही. कूट, बेसन, मोहरी, तीळ, सुका जवळा आणि हिंग यांचा माग काढता येणे, ही येथील आहारतज्ज्ञाची पहिली परीक्षा असायला हवी. दुसरी, सहा महिन्यांनी परत आलेल्या मुलाची वर्ज्य पदार्थांची यादी आधीपेक्षा आखूड करता येते का, ही.