चकमकीच्या बंदुकीतील लॉकची पुनर्जुळणी : हातकारागिरीपासून अदलाबदलक्षम भागांपर्यंत

प्रस्तावना :

युद्धेतिहासाच्या लेखनात बंदुकीचा उल्लेख प्रामुख्याने तिचा पल्ला, गोळीचा आकार आणि सैन्यातील बंदुकांची संख्या यांच्या अनुषंगाने होतो. बंदूक सुटी करून स्वच्छ कोण करीत असे, ती पुन्हा कशी जुळवली जाई आणि चुकीच्या जुळणीमुळे ती निकामी कशी होई, या प्रश्नांकडे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे. वस्तुतः काळ्या दारूची राख हवेतील ओलावा शोषून घेते व लोखंडाला गंज चढवते. त्यामुळे बंदुकीचे लॉक वेळोवेळी उघडणे अपरिहार्य होते. प्रत्येक वेळी ते पुन्हा जुळवताना एखादा भाग तुटण्याची शक्यता असे आणि तुटलेला भाग सहजासहजी मिळत नसे. प्रस्तुत लेखात फ्लिंटलॉक म्हणजेच चकमकीच्या बंदुकीच्या लॉकची पुनर्जुळणी, तीत भाग तुटण्याची कारणे आणि या अडचणीतून निर्माण झालेली अदलाबदलक्षम भागांची कल्पना यांचा विचार केला आहे.

लॉकची रचना :

चकमकीच्या बंदुकीच्या पूर्ण विकसित लॉकचे श्रेय सामान्यतः फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतातील लिझ्यू येथील मारँ ल बूर्जवा या कारागिराला दिले जाते. सतराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेली ही रचना पुढे सुमारे दोनशे वर्षे युरोपीय सैन्यांत टिकून राहिली. फ्रान्सने 1717 मध्ये आपल्या सैन्यासाठी बंदुकीचा पहिला प्रमाणित नमुना ठरवला.

लॉकच्या पट्टीच्या बाहेरील बाजूस गारगोटी धरणारा घोडा, रंजकाची वाटी आणि त्या वाटीवर झाकणासारखी बसणारी पोलादी पट्टी, म्हणजे फ्रिझन, असते. आतील बाजूस घोड्याच्या आसाला जोडलेला टंबलर, त्यावर पुलासारखे बसणारे ब्रायडल, टंबलरच्या खाचेत अडकणारा सिअर, त्याची लहान कमान आणि सर्वांना गती देणारी मुख्य कमान असते. टंबलरला दोन खाचा असतात. अर्धा घोडा चढवल्यावर सिअरचे टोक पहिल्या, खोल खाचेत बसते व चाप ओढूनही सुटत नाही. पूर्ण घोडा चढवल्यावर ते दुसऱ्या, उथळ खाचेत बसते व चाप ओढताच सुटते. स्क्रू धरून इंग्लिश लष्करी लॉकचे सुमारे वीस भाग होतात.

या भागांचे पोलाद एकसारखे नसते. कमानींना पाणी देऊन त्या ठरावीक उष्णतेवर पुन्हा उतरवाव्या लागतात. पाणी जास्त राहिले तर कमान काचेसारखी तुटते आणि कमी राहिले तर दबलेलीच राहते. टंबलर व सिअर यांचा पृष्ठभाग कठीण असावा लागतो. मात्र असा कठीण पृष्ठभाग तिरक्या दाबाखाली टवका उडून फुटतो. म्हणून लॉकमधील बरीचशी मोडतोड गोळी झाडताना होत नाही, तर भाग चुकीच्या क्रमाने किंवा चुकीच्या दाबाखाली बसवल्यामुळे होते.

पुनर्जुळणीचा क्रम व त्यामागील कारणे :

पुनर्जुळणीचे मूलतत्त्व असे की मुख्य कमान आतील भागांत सर्वांत शेवटी बसवावी. तोपर्यंत लॉकमध्ये मोठा ताण नसतो आणि प्रत्येक भाग बोटाने हलवून तपासता येतो. प्रथम टंबलरच्या आसाला तेल लावून तो पट्टीच्या छिद्रात बसवतात व त्यावर ब्रायडल ठेवून स्क्रू आवळतात. टंबलर या स्थितीत मोकळेपणाने फिरला पाहिजे. तो अडखळत असेल तर दोष येथेच शोधावा लागतो. त्यानंतर सिअर आणि त्याची कमान येते. या कमानीचा छोटा खुंटा पट्टीच्या खाचेत नीट बसण्यापूर्वी स्क्रू आवळल्यास खुंटा तुटतो.

पुढील पायरी घोड्याची आहे. टंबलरच्या आसाचे टोक चौकोनी असल्याने घोडा त्यावर चार प्रकारे बसू शकतो. त्यांपैकी एकच स्थिती योग्य असते. घोडा ठोकून बसवताना टंबलरला आतून आधार दिला नाही, तर ठोक्याचा सर्व भार ब्रायडलवर येतो व ते तडकते.

घोडा मुख्य कमानीच्या आधी बसवण्यामागे दुसरेही कारण आहे. घोड्याचा खांदा पट्टीच्या कडेवर टेकून टंबलरचे फिरणे थांबवतो. घोडा नसताना कमान बसवून सिअर सुटला, तर टंबलर मर्यादेपलीकडे फिरतो व सर्व आघात आतील नाजूक भागांवर येतो. त्याचप्रमाणे गारगोटी नसताना घोडा वारंवार सोडणेही घातक ठरते. कारण गारगोटी फ्रिझनवर घासताना खर्च होणारा वेग अशा वेळी थेट पट्टीवर आदळतो.

मुख्य कमान शिकंज्यात दाबून, घोडा खाली असताना बसवतात. पूर्ण घोडा चढल्यावर कमान जितकी मिटते, त्याहून ती अधिक दाबू नये. अधिक दाब दिल्यास ती वाकणावरच तुटते. कमानीचे टोक टंबलरच्या बोटावर आले आहे याची खात्री करून शिकंजा सावकाश सैल करावा लागतो. बाहेरच्या बाजूस फ्रिझनच्या कमानीलाही हाच नियम लागू होतो.

काही भाग विसरले जाण्याचाही धोका असे. उत्तम प्रतीच्या काही रायफलींत अतिशय हलका चाप असे. तेथे घोडा पडताना सिअरचे टोक अर्ध्या घोड्याच्या खाचेत शिरू नये म्हणून टंबलरमध्ये तांदळाच्या दाण्याएवढा एक हलता तुकडा बसवलेला असे. जुळणीच्या वेळी तो हरवला तर पहिल्याच बारात सिअरचे टोक किंवा खाचेची कड तुटू शके.

स्क्रूंच्या बाबतीतही हीच दक्षता लागे. आटे हाताने पाडलेले असल्यामुळे प्रत्येक स्क्रू आपल्याच छिद्राचा असे. अधिक लांबीचा स्क्रू भलत्या ठिकाणी बसवल्यास तो पट्टीतून बाहेर डोकावून घोड्याला अडवी. म्हणून कारागीर कानशीने रेघा किंवा ठिपके काढून भागांवर खुणा करीत. लॉक दस्त्यात बसवताना बाजूचे स्क्रू फार आवळले तर सिअर लाकडाला घासतो आणि निर्दोष लॉकही सदोष भासते.

हातकारागिरीची मर्यादा व अदलाबदलक्षमता :

या सर्व दक्षतेचे मूळ एकाच गोष्टीत होते. प्रत्येक लॉकचे भाग एकमेकांना कानशीने जुळवलेले असल्याने एका बंदुकीचा टंबलर दुसरीत चालत नसे. तुटलेल्या भागाच्या जागी नवा भाग घडवून, घासून बसवावा लागे आणि त्यासाठी कुशल कारागीर छावणीत हजर असावा लागे.

फ्रान्समधील ओनोरे ब्लाँ याने या अडचणीवर ठसे, साचे व मापपट्ट्या यांच्या साहाय्याने उपाय शोधला. 1785 मध्ये त्या वेळचे अमेरिकेचे फ्रान्समधील राजदूत थॉमस जेफर्सन यांनी त्याच्याकडील पन्नास लॉकचे सुटे भाग पाहिले. त्यांतून हाताला येतील ते भाग घेऊन त्यांनी स्वतः काही लॉक जुळवली. 30 ऑगस्ट 1785 रोजी जॉन जे यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या अनुभवाची नोंद केली. लॉकचा जाणकार नसलेल्या माणसाला काहीही न तोडता आणि न घासता लॉक जुळवता आले, यात या प्रयोगाचे महत्त्व आहे.

अमेरिकेत एली व्हिटनी याने 1798 मध्ये दहा हजार बंदुकांचा करार केला आणि 1801 मध्ये नेत्यांसमोर प्रात्यक्षिक दाखवले. त्यावरून अदलाबदलक्षम भागांचे जनकत्व दीर्घकाळ त्याच्याकडे दिले गेले. 1960 मध्ये रॉबर्ट वुडबरी यांनी या समजुतीला आव्हान दिले. व्हिटनीच्या उपलब्ध बंदुकांच्या तपासणीत लॉकचे भाग परस्परांत बदलता येत नसल्याचे आढळले. प्रत्यक्ष यश हार्पर्स फेरी येथील जॉन हॉल याला 1820 च्या दशकात मिळाले. 1834 मध्ये सिमियन नॉर्थ याने आपल्या कारखान्यात तयार केलेले भाग हॉलच्या रायफलींना जुळू लागले.

भारतीय संदर्भ :

भारतात तोड्याची बंदूक एकोणिसाव्या शतकातही प्रचलित राहिली. याचे कारण केवळ परंपराप्रियता नव्हते. तोड्याच्या बंदुकीत जळता तोडा कानापर्यंत नेणारी साधी तरफ पुरेशी असे. तिची दुरुस्ती स्थानिक लोहारही करू शके. चकमकीच्या बंदुकीला पाणी दिलेल्या कमानी आणि त्या बसवणारे हात लागत. ईस्ट इंडिया कंपनीसाठी बनणारी 39 इंची नळीची बंदूक ब्रिटिश शासनाने 1790 च्या दशकात आपल्याही सैन्यासाठी स्वीकारली. महादजी शिंदे यांच्या द बॉयन्यने उभारलेल्या पलटणींसाठी आग्रा येथे सँगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा व बंदुका तयार होत. कवायती पलटणींना शस्त्रागाराचा आधार का लागला, हे लॉकच्या रचनेवरून स्पष्ट होते. त्यामुळे 1803 मध्ये आग्रा इंग्रजांच्या हाती जाणे हे केवळ एक किल्ला गमावणे नव्हते. शस्त्रे दुरुस्त करणारे केंद्रही त्याबरोबर गेले.

निष्कर्ष :

1. लॉकच्या पुनर्जुळणीचा क्रम हा केवळ सवयीचा भाग नव्हता. कोणता भाग कोणता ताण पेलतो या ज्ञानावर तो आधारलेला होता.

2. मोडतोडीचे प्रमुख कारण भागांची वैयक्तिक जुळणी व कठीण पोलादाचा ठिसूळपणा हे होते. अदलाबदलक्षम भागांनी पहिली अडचण दूर केली, दुसरी नाही. कमान जास्त दाबली तर ती कारखान्यात बनलेली असली तरी तुटतेच.

3. नवे शस्त्र स्वीकारणे म्हणजे ते विकत घेणे एवढेच नसून ते दुरुस्त करणारी व्यवस्था उभारणे होय. अठराव्या शतकातील भारतीय सत्तांच्या लष्करी सुधारणांचे मूल्यमापन या निकषावरही व्हावयास हवे.

4. वस्तुसंग्रहालयांतील चकमकीच्या बंदुका कारणाशिवाय सुट्या करू नयेत. करणे भाग पडल्यास प्रत्येक स्क्रूची जागा नोंदवावी आणि भागांवरील कानशीच्या खुणा गंज समजून घासून टाकू नयेत. ज्यांची नावे दप्तरांत आढळत नाहीत, अशा कारागिरांच्या कामाचा तो उरलेला पुरावा आहे.